पहिली ब्रिकची रेल्वे घ्यायचीय: पॅसेंजर घेऊ की मालगाडी? जागा म्हणाल तर एक दिवाण

बिंदुसरा, बीड

रामराम मंडळी. बीडात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. दिवसभर युरिया, डीएपी आन् उधारीची वही. छंद म्हणून काही नव्हता. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडच्या स्टेशनातून अहिल्यानगरची गाडी सुटली, तेव्हा बघायला अख्खं गाव लोटलं होतं. मी बी दुकानाचं शटर अर्धं ओढून गेलो. आमच्या आज्यापासून "बीडला रेल्वे येणार" हे ऐकत आलेली घरं आमची. तेव्हापासून डोक्यात रेल्वेच बसलीय.

आता मुद्दा. लेगोची चालणारी रेल्वे घ्यायचं ठरवलंय. पोरगी चार वर्षांची आहे, पण खरं सांगायचं तर माझ्यासाठीच घ्यायलोय. बायकोला ते पहिल्या मिनिटाला कळलं, म्हणून इथं लपवत नाही. लहानपणी प्लास्टिकचे ठोकळे खेळलो तेवढाच अनुभव. ऑनलाईन बघायला गेलो तर भंजाळून गेलो. एक गाडी अडीच हजार तुकड्यांची, लई देखणी, पण खाली कुणीतरी लिहिलंय की ती चालतच नाही. दुसऱ्या एका खोक्यावर बॅटरी, रिमोट, सगळं दिसतं. तिसरी निम्म्या किमतीत, नाव कधी ऐकलेलं नाही.

बजेट वीसेक हजार. त्याच्यावर गेलं तर घरात विषय निघंल. जागा म्हणाल तर बैठकीतला सहा बाय तीनचा दिवाण, त्यावरची गादी काढता येते. तेवढ्यात रूळ बसतील का? पॅसेंजर घ्यावी का मालगाडी? आणि पुढं-मागं आपल्या बीडच्या गाडीसारखी काहीतरी बनवता आली पाहिजे, नुसती खोक्यावरचं चित्र जोडून ठेवायची नाही.

दुधना, सेलू

पॅसेंजर घ्या भाऊ. घरात लेकरू आहे म्हणल्यावर खिडक्या, शिटा, माणसं बसवता आली पाहिजेत. मालगाडीत लेकरांना काय मजा? आमच्या पुतण्यानं पहिल्या दिवशीच डब्याचं छत काढून आत गणपती बसवला.

रंधा, परभणी

बिंदुसरा भाऊ, दुधनाचं बरोबर आहे पण अर्धंच. मी फर्निचरवाला, वडील पूर्ण्याला रेल्वेत. मीटरगेजच्या वाफेच्या इंजिनाचा धूर खात मोठा झालो, त्यामुळं या विषयावर जरा जास्त बोलतो. सैल बसून वाचा.

कोणती गाडी घ्यायची ते नंतर. आधी दिवाण मोजू. लेगोच्या गोल रुळाची त्रिज्या ठरलेली आहे, ४० स्टड. स्टड म्हणजे ठोकळ्यावरचा गोल दाणा. मापात एक स्टड ८ मिलिमीटरचा, म्हणजे गोलाच्या मध्यापासून रुळाच्या मध्यापर्यंत ३२ सेंटिमीटर. वाकड्या रुळाचे १६ तुकडे लावले की पूर्ण गोल होतो, स्लीपरच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत साधारण ७० सेंटिमीटर. आपल्या भाषेत पावणेअठ्ठावीस इंच, अठ्ठावीसच धरा. सरळ रुळाचा एक तुकडा १६ स्टडचा, पाच इंच. आता तुमचा दिवाण ७२ बाय ३६ इंच. रुंदीत २८ गेले, दोन्ही बाजूंना चार-चार इंच उरले. लांबीत ७२ मधून २८ गेले, राहिले ४४. त्यात एका बाजूला आठ सरळ तुकडे, म्हणजे ४० इंच बसतात आणि दोन्ही टोकांना दोन-दोन इंच मोकळे राहतात. १६ वाकडे आणि १६ सरळ, एवढ्यात तुमचा दिवाण भरला. एक फेरी चार मीटरची झाली. पहिल्या गाडीला भरपूर आहे. पण त्या दोन इंचांवर जाऊ नका, कडेला एक इंची पट्टी ठोकून घ्या. वेगात वळणावर गाडी सुटली तर थेट फरशीवर येती, आणि फरशीवर पडलेल्या इंजिनाचा आवाज फार वाईट असतो.

खोक्यात किती रूळ आहेत ते खोक्याच्या मागं लिहिलेलं असतं. सगळ्यात हे बत्तीस तुकडे मिळतातच असं नाही. कमी पडले तर रुळाचं वेगळं पाकीट मिळतं.

आता गाडी. तुम्हाला जी अडीच हजार तुकड्यांची दिसली ती ओरिएंट एक्स्प्रेस असणार, २५४० तुकडे, २०२३ मध्ये आली. शोकेसची गाडी आहे. मोटर नाही आणि मोटर बसवायची सोयही कंपनीनं दिलेली नाही. स्वित्झर्लंडच्या जुन्या विजेच्या इंजिनाचं एक मॉडेल आहे, क्रोकोडाईल, १२७१ तुकड्यांचं, २०२० चं. त्यात मोटर बसती, पण वेगळी घ्यावी लागती. पहिल्या खरेदीला या दोन्हींच्या वाटेला जायचं नाही. पहिल्या खोक्यात चार गोष्टी पाहिजेत: मोटर, बॅटरीचा डबा, रिमोट आणि रूळ. यातली एकही वेगळी घ्यायची म्हणलं की बजेट गेलंच. लेगोच्या सिटी मालिकेतल्या गाड्या अशा पूर्ण येतात. २०१८ ची जोडी होती: पॅसेंजर ६०१९७, ६७७ तुकडे, आणि मालगाडी ६०१९८, १२२६ तुकडे. मग २०२२ ची जोडी: एक्स्प्रेस पॅसेंजर ६०३३७, ७६४ तुकडे, आणि मालगाडी ६०३३६, ११५३ तुकडे. कंपनी सेट काही वर्षांनी बंद करती, मग जुना साठा दुकानदार वाट्टेल त्या भावाला विकतो. म्हणून नंबरात अडकू नका, या चार गोष्टी आहेत का तेवढं बघा.

माझा कौल मालगाडीला. कारण सांगतो. पॅसेंजरचं नाक गुळगुळीत, टोकदार, तयार आकाराच्या मोठ्या तुकड्यांचं. दिसतं वंदे भारतसारखं, पण ते नाक मोडून दुसरं काय करणार? डब्यांच्या खिडक्यांचे तुकडे पण खिडक्याच राहतात. मालगाडीत सपाट वाघिणी, म्हणजे मालाचे उघडे डबे, मिळतात: कंटेनरच्या, मोटारी नेणारी, सोबत कंटेनर उचलायचं मशीन. कंटेनर काढला की खाली चाकांवरची कोरी पाटी राहिली. तिच्यावर तुम्ही युरियाची पोती लादा, उसाची मोळी ठेवा, नाहीतर चार भिंती उभ्या करून डबा बांधा. बोगी (म्हणजे डब्याखालचा चाकांचा संच), जोडणीचं चुंबक, लांबट पाटी हे भाग सुटे घ्यायला गेलं तर महाग पडतात, आणि मालगाडीत ते आधीच आलेले असतात. लेकराला बी मालगाडी कंटाळवाणी होत नाही, दुधना. भरायचं, उतरवायचं, परत भरायचं, याच्यात पोरं तासभर रमतात. पॅसेंजरमधी एकदा माणसं बसवली की काम संपलं.

बॅटरीचं सांगतो, हे दुकानात कुणी सांगत नाही. इंजिनाच्या पोटात हब, म्हणजे बॅटरीचा डबा असतो, त्यात सहा पेन्सिल सेल लागतात, बारीक ट्रिपल ए. रिमोटला आणखी चार. मोटर म्हणजेच पुढची किंवा मागची बोगी, चाकं तिलाच असतात. हबला दोन प्लग आहेत, एकात मोटर, दुसरा रिकामा राहतो तिथं दिवा लावता येतो. साधे सेल टाकत बसलात तर महिन्याचा खर्च पोरीच्या बिस्किटाएवढा होईल, म्हणून चार्जिंगचे घ्या. चार्जिंगचा सेल १.२ व्होल्टचा, साधा दीडचा. सहाचे मिळून ९ च्या ऐवजी ७.२ व्होल्ट मिळतात, गाडी थोडी हळू पळती. दिवाणावर ते बरंच आहे. आणि रुळात वीज नसल्यामुळं लाईट गेली तरी गाडी चालू राहती. उन्हाळ्यात आमच्याकडं हा काही छोटा फायदा नाही.

रुळात वीज असलेल्या जुन्या गाड्यापण होत्या. लेगोची रेल्वे १९६६ पासून आहे. आधी साडेचार व्होल्टची, मग १२ व्होल्टची, १९९१ पासून ९ व्होल्टची, तिच्या रुळावर धातूची पट्टी आणि भिंतीला ट्रान्सफॉर्मर. ती बंद झाली, पण माणसं अजून जिवापाड जपतात. कुणी तुम्हाला जुनी ९ व्होल्टची "स्वस्तात" देतो म्हणला तर पहिली गाडी म्हणून घेऊ नका. ती मोटर गेली तर शोधत बसाल.

आता तुमच्या बीडच्या गाडीचं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, जगात मोठ्यातला. लेगोच्या दोन रुळांमधलं अंतर ३७.५ मिलिमीटर. भागून बघा, ४५ च्या आसपास येतं. म्हणजे आपल्या गाडीची ४५ पट लहान प्रत. नवा लाल एलएचबी डबा ३.२४ मीटर रुंद आहे, त्याचे झाले ७२ मिलिमीटर, बरोब्बर नऊ स्टड. कंपनीच्या सिटीच्या गाड्या सहा स्टड रुंद असतात, आपल्या रुळावर त्या बारीक दिसतात. हौशी लोक आठ स्टडवर बांधतात, आपल्या डब्याला ते शोभतं. पण लांबी मोजली तर डोळे फिरतात. साडेतेवीस मीटरचा डबा ४५ नं भागला तर ५२ सेंटिमीटर, ६५ स्टड. ४० च्या वळणावर तो डबा मधोमध आत घुसतो आणि टोकं बाहेर लोंबतात, बाजूचा सिग्नल पाडून जातो. म्हणून सगळे डबा आखूड करतात, ३० स्टडच्या आसपास. खिडक्या कमी करायच्या, पण दारं दोन्ही टोकांना ठेवायची. दारं जागेवर असली की डोळा फसतो. मोठ्या त्रिज्येचे रूळ ५६, ७२, १०४ स्टडचे बाहेरच्या कंपन्या बनवतात, ब्रिकट्रॅक्स नावाची एक अमेरिकन आहे. पण ५६ चा गोलच कडेपासून कडेपर्यंत ९६ सेंटिमीटरचा होतो, तुमच्या दिवाणावर मावत नाही. तो विषय पुढच्या घरात.

आणि एक, धूळ. तुमच्या दुकानात खताची, आमच्याकडं भुशाची. परभणीत कापसाच्या दिवसांत हवेतच तंतू असतात, ते धुऱ्याला गुंडाळतात आणि वाघीण ओढत चालती. चाक हातानं फिरवून बघायचं. सोडल्यावर लगेच थांबलं तर चिमट्यानं तंतू ओढून काढायचा. मोटरच्या चाकांना रबराच्या बारीक कड्या असतात, त्यांना तेल लागू द्यायचं नाही. शिवणमशीनचं तेल घालून गाडी "गुळगुळीत" करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकून घ्या आणि करू नका. चाक जागेवर फिरत राहील.

मांजरा, लातूर

रंधा भाऊ, तुमचं मालगाडीचं मत मान्य. पण नाव न ऐकलेल्या स्वस्त गाडीचा तुम्ही विषयच काढला नाहीत, तिथं थांबतो.

मी दोन्ही वापरलंय. मोल्ड किंग नावाची चिनी कंपनी मोटरवाल्या रेल्वे करते, लेगोच्याच मापाच्या रुळावर चालतात. आकारानं मोठ्या, आठ स्टडच्या, वाफेची इंजिनं सुरेख. किंमत खूप कमी. पण त्यांच्या मोटरचा प्लग लेगोच्या नव्या हबला बसत नाही, रिमोट वेगळा. म्हणजे घर एकाच पद्धतीचं ठेवायचं असेल तर सुरुवातीला निवडावं लागतं. तुकडे कधी घट्ट, कधी ढिले. पन्नास तुकडे पिवळ्या रंगाचे लागोपाठ लावले की रंगातला फरक दिसतो. माझ्या मते पहिली गाडी लेगोची आणि दुसरी हवी ती. पहिल्याच गाडीत ढिला तुकडा आणि न समजणारी चित्रं आली तर माणूस खोकं माळ्यावर टाकून मोकळा होतो.

आणि मागवताना जपून. एका ऑनलाईन विक्रेत्यानं मला "पूर्ण सेट" म्हणून पाठवला त्यात मोटरची पिशवी नव्हती, बाकी सगळं होतं. खोकं उघडताना व्हिडिओ काढून ठेवला होता म्हणून पैसे परत मिळाले. सील उघडण्याआधी मोबाईल चालू करा, पिशव्यांचे नंबर एकेक करून दाखवा.

मालगाडी घेतल्यावर मी काय केलं ते सांगतो, तुम्हाला कल्पना येईल. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून पाण्याची गाडी आली, जलदूत. पहिली आली तेव्हा दहा टँकर वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी, पंचवीस लाख लिटर. वाघिणी आधी तेलाच्या होत्या, राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात धुऊन काढल्या होत्या. मी तेव्हा कॉलेजात, हंड्यांच्या रांगेत उभा असायचो. तर ती गाडी बांधलीय. कंटेनरच्या वाघिणीवरचं सगळं काढलं, अर्धगोल तुकडे दोन्ही बाजूंनी जोडून टाकी केली, वर मधोमध गोल झाकण, बाजूला शिडी. टाकीत खालून पोकळी सोडलीय आणि तिच्यात लोखंडी नट टाकलेत, कारण हलकी वाघीण वळणावर आतल्या बाजूला कलंडते. वजन खाली आणलं की शांत चालते. दिवाणावर चार वाघिणी बास होतील, पाचवी लावली की इंजिनाची चाकं सुटतात.

खाम, संभाजीनगर

बिंदुसरा दादा, काही खरेदीच्या गोष्टी. मी आयटीत आहे, दोन गाड्या आहेत, दोन्ही बऱ्यापैकी हिशोब करून घेतल्या.

भारतात लेगो महाग का, असा प्रश्न प्रत्येक नवीन माणूस विचारतो. खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० केलं आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचा आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. म्हणून परदेशातल्या किमती बघून चिडू नका, आणि कुणी त्या किमतीला देतोय असं दिसलं तर तिथे थांबा. परदेशातून स्वतः मागवलं तर कस्टमचं बिल घरी येतं, ते किमतीत धरूनच तुलना करा. वीस हजारांत पॅसेंजर बसते. मालगाडी मोठी, तिचा भाव कधी बजेटच्या वर दिसेल. सणाच्या सेलमध्ये खाली येतो तेव्हाच घ्या.

विकत घेण्याआधी एक गोष्ट फुकट करता येते. ब्लूब्रिक नावाचा विंडोजवरचा प्रोग्राम आहे, त्यात दिवाणाच्या मापाचा चौकोन काढून रूळ मांडून बघता येतात. रंधा दादांनी इंचात केलेला हिशोब त्यात तंतोतंत दिसेल. गाडी बांधायची असेल तर ब्रिकलिंकचं स्टुडिओ, तेही फुकट. ब्रिकलिंक ही सुट्या तुकड्यांची मोठी बाजारपेठ, २०१९ मध्ये लेगोनंच विकत घेतली. स्टुडिओत डबा बांधला की त्याच्या तुकड्यांची यादी तयार होते आणि तीच यादी बाजारात टाकता येते. मी आमच्या घरच्यांना नंदीग्राम एक्स्प्रेसचा निळा डबा असाच स्क्रीनवर दाखवला होता. तुकडे घ्यायची परवानगी त्याच रात्री मिळाली.

लेकीसाठी सांगते. चार वर्षं म्हणजे ती ड्युप्लोच्या, म्हणजे लेगोच्याच लहान मुलांसाठीच्या मोठ्या ठोकळ्यांच्या वयात आहे. ड्युप्लोची वाफेची गाडी हातानं ढकलली की स्वतः पळते, तुकडे मोठे, तोंडात जायची भीती नाही. पण तिचे रूळ तुमच्या रुळांना जुळत नाहीत, दोन वेगळी जगं. बजेट एकच असेल तर ड्युप्लो वेगळी घेऊ नका. तिला रिमोट द्या. वेग वाढवायची आणि कमी करायची बटणं, मधे लाल बटण दाबलं की गाडी थांबते. चार वर्षांच्या मुलीला ते पाच मिनिटांत कळतं. तुकडे बांधताना मात्र खाली चादर टाका, जमिनीवर सुटलेला बारीक तुकडा नेमका अनवाणी पायालाच सापडतो.

आणि दिवाण खिडकीला लागून आहे का? असेल तर गाडी खिडकीजवळ ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात पांढरे आणि राखाडी तुकडे पिवळे पडतात.

बिंदुसरा, बीड

अरे बापरे, एवढं उत्तर मिळंल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

रंधा भाऊ, दिवाण मोजला. आतून ७१ इंच निघाला, कडेला लाकडाची चौकट आहे, अर्धा-अर्धा इंच त्यातच गेला. चौकट वर आलेली आहे म्हणून तुमच्या पट्टीचं काम आपोआप झालं, पण ६८ इंचांचा रूळ टोकांना अगदी चिकटायलाय. मालगाडीचं नक्की केलं, रब्बीची वसुली झाली की मागवतो. मांजरा भाऊ, पाण्याची गाडी वाचून अंगावर काटा आला. पोरीला बी सांगितलं, ती म्हणली आपण पाण्याच्या बाटल्या लादू.

आणखी दोन शंका. सांधा, म्हणजे रुळाला फाटा फुटतो तो तुकडा, घ्यावा का? आणि दिवाणावर गादीखालची फळी जरा हलती, त्यानं गाडीला काही होईल का?

रंधा, परभणी

७१ असेल तर आठच्या ऐवजी सात सरळ तुकडे लावा, ६३ इंचांत काम होतं आणि टोकांना चार-चार इंच मिळतात. दोन सरळ तुकडे उरतील, ते सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळाला कामी येतील.

सांधा पहिल्या दिवशी नको, पण घ्याच. एक डावा, एक उजवा अशी जोडी येते, ६०२३८ नंबर. त्याच्याशिवाय मालगाडीला मालधक्का कुठून येणार? नुसती गोल फिरणारी गाडी आठवड्यात शिळी होती. बाजूच्या रुळावर वाघीण सोडून इंजिन परत आणलं की खेळ सुरू झाला. फक्त सांध्यातून वेगात नेऊ नका. सांध्याच्या वळणाला लागून उलट दिशेचं वळण आलं तर इंग्रजी एससारखा आकार होतो, आणि ढकलत मागं जाणारी गाडी नेमकी तिथं सुटती. त्या दोन वळणांमध्ये निदान एक सरळ तुकडा घाला.

फळीचं मात्र ऐका, हे माझ्या धंद्याचं आहे. लेगोची सगळ्यात बारीक प्लेट ३.२ मिलिमीटर जाड, आपलं एक सूत. तीन प्लेट म्हणजे एक ब्रिक, तीन सूत. रुळाच्या दोन तुकड्यांच्या जोडाला एक सूत फरक पडला तर चाकाची कड वर चढती. हलणाऱ्या फळीवर नेमकं हेच होतं: एका तुकड्याखाली फळी दबली, दुसऱ्याखाली नाही, आणि जोडावर पायरी तयार झाली. तुम्ही गाडी सुटायचं कारण वळणात शोधत बसाल आणि कारण फळीत असणार.

म्हणून दिवाणाच्या मापाची एकच सलग प्लाय टाका. पूर्ण शीट आठ बाय चारची येती, तिच्यातून ७१ बाय ३६ निघून बाजूला भरपूर पट्ट्या उरतात. बारा मिलिमीटरची पुरे, पण खाली दोन आडव्या पट्ट्या मारून घ्या, नाहीतर मधी झोळ येतो. अठराची घेतली तर पट्ट्या लागत नाहीत, फक्त उचलायला दोघं लागतात आणि गादी परत टाकायची म्हणजे रोज ती कसरत. रूळ प्लायला चिकटवू नका, स्क्रू तर मारूच नका. एकमेकांत घट्ट बसले की जागेवर राहतात, आणि पोरीला उद्या वेगळा रस्ता करायचा झाला तर करता येतो.

प्लायवर आधी पांढरा सनमायका लावायचा विचार मनात येईल. लावू नका, चकाकीत धूळ दिसती आणि रूळ घसरतात. नुसती कच्ची प्लाय, बारीक पॉलिश पेपर मारून. हिरवा रंग द्यायचा असेल तर ऑईल पेंट नको, पाण्याचा डिस्टेंपर द्या आणि दोन दिवस वाळू द्या.

मांजरा, लातूर

रंधा भाऊ, सायडिंगचे दोन तुकडे कमी पडतील, मालधक्क्याला चार लागतात. बिंदुसरा, रुळाचं एक जादा पाकीट मालगाडीसोबतच मागवा, नंतर वेगळा कुरिअरचा खर्च कशाला.